मालधक्क्यावरची लाली

रविवार, ता. १५ एप्रिल १९२८

आज मद्यपान निषेधक मंडळाच्या बैठकीत माझी चिटणीस म्हणून एकमताने निवड झाली. अध्यक्ष आबासाहेब वकील म्हणाले, "गुरुपाद होटगीकर मास्तरांचा आवाज चौथीच्या वर्गातून रस्त्यापर्यंत ऐकू येतो. असा माणूस आपल्याला हवाच होता." सगळे हसले, पण टाळ्याही वाजल्या. पुढेमागे कोणी या कार्याचा इतिहास लिहायला घेतला तर त्याला आधार असावा, म्हणून आजपासून ही वही.

घरी येऊन बायकोला, सिद्धम्माला, बातमी सांगितली. ती जोंधळे निवडत होती. "बरं झालं," म्हणाली. "इतके दिवस मला एकटीला ऐकवत होता, ते आता गाव ऐकेल."

माझ्याकडे मालधक्का सोपवला आहे. तिथल्या खताच्या वखारीत चौदा हमाल आहेत. त्यांतले तेरा पितात. काम सुटले की थेट गुत्ता, आणि गुत्त्यावरून घरी मारझोड. चौदावा पीरसाब, पन्नाशीचा, त्याने जन्मात थेंब घेतलेला नाही. मोहरमात पंजा उचलण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आजोबापासून आहे. अशा माणसाचे उदाहरण व्याख्यानात फार उपयोगी पडते.

बुधवार, ता. १८ एप्रिल

पहिले व्याख्यान. वखारीच्या आवारात, काम सुटल्यावर. ऊसवाल्यांसाठी यंदा विलायतेहून नवे काळे खत आले आहे, त्याने भरलेल्या मालगाडीच्या पहिल्या वाघिणी सोमवारपासून रिकाम्या होत आहेत. पोती फुटतात, भुकटी उडते. चौदाही जण इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांसारखे काळे होऊन बसले होते. शेजारच्या कापसाच्या वखारीतला ईरप्पा नावाचा हमाल उगाच मजा पाहायला आला होता.

मी पाऊण तास बोललो. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "दारूचं पाप पोटात लपत नाही. एक दिवस ते तोंडावर लाल होऊन उमटतं!"

ईरप्पाने विचारले, "किती लाल, मास्तर? कुंकवागत का मिरचीगत?"

सगळे हसले. भीमा नावाचा एक दांडगा हमाल तर पोट धरून हसला. मी हसलो नाही. बी पेरणाऱ्याने मातीवर रागवायचे नसते.

शुक्रवार, ता. २० एप्रिल

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

मधल्या सुट्टीत वखारीचा मुकादम कल्लप्पा धापा टाकत शाळेत आला. "मास्तर, चला. भीमा तुमचं नाव घ्यायलाय."

मी गेलो. भीमा चाळीत घोंगडीवर पडला होता. काल संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर गेला, अर्धी बाटलीही झाली नव्हती तोच त्याचे तोंड, मान, कान, डोळे सगळे लालबुंद झाले. छाती इतकी धडधडू लागली की शेजारच्याला ऐकू यावी. श्वास पुरेना. लोकांनी उचलून घरी आणले. आता लाली उतरली होती, पण माणूस घाबरलेला होता. त्याने माझे पाय धरले.

"तुमी बोलला तसंच झालं की मास्तर. त्वांडावर आलं."

मी त्याला उठवले. म्हणालो, "माझं काही नाही भीमा. तुझ्यातल्या सदसद्विवेकबुद्धीनं हे केलं."

"कुनी केलं?"

"तुझ्या मनानं."

त्याची बायको सोजरबाई दारात उभी होती. ती माझ्याकडे एखाद्या देवर्षीकडे पाहावे तशी पाहत होती. मला ते आवडले नाही, असे लिहायला हवे. घरी येताना पाऊल मात्र हलके पडत होते.

रविवार, ता. ६ मे

तेरापैकी तेरा! दोन आठवड्यांत एकेक जण गुत्त्यावर गेला आणि एकेक जण लाल तोंड घेऊन, छाती धरून परत आला. आता खताच्या वखारीतला कोणीही गुत्त्याच्या वाटेला जात नाही. चाळीतल्या बायका मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा करतात. कल्लप्पा म्हणतो, मास्तरांना वाचासिद्धी आहे. मी अशा अंधश्रद्धेला उत्तेजन देत नाही. पण शब्दामागे चारित्र्य असेल तर शब्दाला बळ येते, हे आमच्या शास्त्रात सांगितलेलेच आहे.

एकटा ईरप्पा तेवढा बधत नाही. प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसतो, आणि उठून सरळ गुत्त्यावर जातो. पिऊन आला तरी तोंड जसेच्या तसे. गेंड्याचे कातडे! काही माणसांच्या अंतःकरणापर्यंत शब्द पोचतच नाहीत.

आबासाहेबांना सर्व कळवले. ते हर्षित झाले. जूनमध्ये मोठी सभा घेऊ, पुण्याहून पाहुणे बोलावू, असे म्हणाले.

रविवार, ता. १३ मे

उन्हाची तलखी फार. शाळेला सुट्टी. मी 'मद्य आणि मानव' हे लहानसे पुस्तक लिहावे असे आबासाहेबांचे म्हणणे. पहिली दोन पाने झाली.

पीरसाबची बायको हुसेनबी सिद्धम्माकडे आली होती. भुकटीमुळे पीरसाबला खोकला लागला आहे, ढास थांबत नाही. सिद्धम्माने कपाटातली द्राक्षासवाची बाटली तिला दिली. तीच माझी रोजची! गेली अकरा वर्षे जेवणानंतर मी ते दोन तोळे घेतो, त्यावाचून मला अन्न पचत नाही. मला वैद्यांकडून दुसरी आणावी लागली. सिद्धम्मा देताना विचारत नाही, हा तिचा जुना दोष.

मंगळवार, ता. २२ मे

आज मन खिन्न आहे, पण कर्तव्यात कसूर केली नाही याचे समाधान आहे.

संध्याकाळच्या व्याख्यानाला पीरसाब उशिरा आला. आला तो तोंड लालबुंद! कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. श्वास जड.  सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "पीरसाब, तूसुद्धा?"

"काय झालं मास्तरसाब?"

"तोंड बघ आरशात."

त्याने गालाला हात लावून पाहिला. त्याला बहुधा तेव्हाच कळले. "अल्लाची शपथ, मास्तरसाब. दारू जिभेला कशी लागते ते बी मला ठाव न्हाय."

"जीभ खोटं बोलते पीरसाब. चेहरा बोलत नाही."

हे वाक्य मला ऐनवेळी सुचले.  पीरसाबने खांद्यावरचा पंचा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि निघून गेला. भीमा पुटपुटला, "पीरसाबचाचा प्याला? ह्ये न्हाय पटत." पण मी तेरा जणांना जे माप लावले ते चौदाव्याला लावले नसते, तर मला चिटणीस म्हणवून घेण्याचा अधिकार काय?

शनिवार, ता. २६ मे

बातमी पेठेत पसरली. जमातीच्या मोठ्या माणसांनी ठरवले की यंदा मोहरमात पीरसाबने पंजा उचलायचा नाही. पिणाऱ्याचा हात पंजाला लागू द्यायचा नाही.

हुसेनबी आली होती. घरात आली नाही, पायरीशीच उभी राहिली. सिद्धम्माला म्हणत होती, "अक्का, त्या दिवशी त्यांनी तुमचं औषिद सोडून काय बी तोंडात घातलं न्हवतं. रोज निजताना देते, त्या दिवशी ढास लई म्हून सांच्यालाच मी सोता चमच्यानं दिलं. तीन पिढ्यांचा मान गेला, अक्का."

बायका नवऱ्याची बाजू घेणारच. मी आत पुस्तकाचे तिसरे पान लिहीत होतो. आज ते पान मात्र पुढे सरकले नाही.

शनिवार, ता. २ जून

सिद्धम्मा आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. आज जेवण झाल्यावर मी द्राक्षासव मागितले. तिने बाटली माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली.

"काय पाहतेस?"

"तुमचं तोंड. हुसेनबी खोटं बोलत नाही. मग हेच पिऊन पीरसाब लाल होतो आणि तुम्ही का होत नाही?"

"यात दारू आहे की काय? हे औषध आहे."

"वैद्यांना विचारा."

मी म्हणालो, विचारीन. ती म्हणाली, "आणि दुसरं सांगा. तुमचं भाषण ऐकून लोक लाल होतात, तर ईरप्पा का होत नाही? तो तर एकही भाषण चुकवत नाही."

 गेंड्याच्या कातड्याचे उत्तर तिच्यासमोर टिकले नसते.

रविवार, ता. ३ जून

वैद्यांकडे गेलो. सहज विचारावे तसे विचारले, "आसव म्हणजे नक्की काय हो?"

ते खल घोटता घोटता म्हणाले, "आसव म्हणजे आंबवलेलं. मनुका, गूळ, धायटीची फुलं, महिनाभर मुरवायचं. मद्याचा थोडा अंश आपसूकच येतो त्यात. त्याशिवाय ते टिकेल कसं?"

अकरा वर्षे! रोज दोन तोळे! मद्यपान निषेधक मंडळाचा चिटणीस!

तलावाच्या काठी बराच वेळ बसलो. लाज ओसरली तेव्हा विचार सुरू झाला. पीरसाबच्या पोटात मद्य गेले होते, हे खरे. त्याला ते ठाऊक नव्हते, हेही खरे. माझ्या पोटात ते रोज जाते, पण मी लाल होत नाही. ईरप्पा बाटलीच्या बाटली रिचवतो, तोही होत नाही. मी आणि ईरप्पा, आमच्यात सारखे काय? ना आवाज, ना आचार. एकच. आम्ही दोघे त्या काळ्या पोत्यांना हात लावत नाही.

गुरुवार, ता. ७ जून

सोमवारपासून रोज खताच्या वखारीत जातो आहे. कल्लप्पा पहिल्या दिवशी म्हणाला, "मास्तर, ह्ये काम तुमचं न्हवं. पाठ मोडंल." मी सांगितले, पुस्तकासाठी अनुभव हवा आहे. पोती उचलणे मला जमत नाही. फुटक्या पोत्यांतले खत फावड्याने नव्या पोत्यांत भरतो. घसा खवखवतो, मनगटांना खाज येते, घरी आल्यावर सिद्धम्मा मला न्हाणीपलीकडे येऊ देत नाही. चार दिवस द्राक्षासव घेतले नाही. अन्न पचते आहे, हेही नमूद करतो.

पीरसाब चार हातांच्या अंतरावर काम करतो. माझ्याशी बोलत नाही. आज माझ्याकडून फावडे निसटले आणि भुकटीचा लोट उठला, तेव्हा त्याने न बोलता आपला पंचा माझ्या तोंडावर बांधला आणि परत आपल्या कामाला गेला.

शनिवार, ता. ९ जून

संध्याकाळी वखारीतून आलो, हातपाय धुतले, सिद्धम्माला समोर बसवले आणि दोन तोळे द्राक्षासव घेतले.

आधी कान गरम झाले. मग कोणी शेगडीपाशी तोंड धरावे तशी आच गालांवर आली. छातीत घण बसू लागले. सिद्धम्माने आरसा पुढे धरला. आरशात एक लाल माणूस होता. अगदी मिरचीगत.

"बसा, बसा," म्हणत ती वारा घालू लागली. घाबरली होती. मला मात्र, खरे सांगतो, त्या धडधडीतही आनंद झाला. मी एक गोष्ट शोधून काढली होती! पाऊण तासाने लाली उतरली, तेव्हा आनंदही उतरला. ते खत जर लाल करते, तर माझे व्याख्यान काय करते?

शुक्रवार, ता. १५ जून

सभा परवा रविवारी. शाळेच्या पटांगणात मांडव पडला आहे. पुण्याचे पाहुणे येणार. तेरा हमालांना व्यासपीठावर उभे करायचे आणि मला रुप्याचे पदक द्यायचे, असे ठरले आहे. आबासाहेबांनी पदक दाखवलेही. 'वाचासिद्ध' असा शब्द त्यावर कोरला आहे. तो कल्लप्पाच्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोचला असावा.

मी काल त्यांना सगळे सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. म्हणाले, "मास्तर, घर शाकारलं गेलंय. गवत कुणी आणलं ते आता कशाला उकरता? तेरा संसार सुखी आहेत."

"पण चौदावा?"

"त्या हमालाचं आपण नंतर पाहू."

आज सोजरबाई आली. शेंगपोळ्या घेऊन आली होती. भीमाने दोन महिन्यांत हात उगारला नाही, हे तिने तीन वेळा सांगितले. "सांच्याला घरी येतो, माझ्यासंगं जेवतो. काल तर गाणं म्हनला, मास्तर. माझं लगीन झाल्यापास्नं त्येला गाणं येतंय ह्येच मला ठाव न्हवतं."

ती गेल्यावर पोळी हातात घेऊन बसलो. खरे सांगितले तर हिचे गाणे जाईल. नाही सांगितले तर पीरसाबची तीन पिढ्यांची इभ्रत जाईल. सिद्धम्माला विचारले, काय करू?

"मला काय विचारता? मी सोजरबाईचीही आहे आणि हुसेनबीचीही. पण पीरसाबला खोटं मी म्हटलं नव्हतं."

रविवार, ता. १७ जून

सगळे क्रमाने लिहितो.

पटांगण भरले होते. पीरसाब येणार नव्हता, भीमाने त्याला हाताला धरून आणले होते. तो मागे लिंबाखाली उभा होता. पाहुण्यांचे भाषण झाले. आबासाहेबांनी माझे नाव पुकारले. पदक मखमलीच्या पेटीत होते. मी म्हणालो, पदकाआधी मला दोन शब्द बोलू द्या. बाटली मी धोतराच्या सोग्यात लपवून आणली होती. सकाळी सहापासून नऊपर्यंत मी वखारीत खत भरून आलो होतो.

आधी ईरप्पाला वर बोलावले. तो पळतच आला. मी म्हणालो, "हे द्राक्षासव. वैद्य देतात ते. यात मद्याचा अंश असतो. हा ईरप्पा कापसाच्या वखारीत काम करतो." त्याला दोन तोळे दिले. त्याने एका घोटात संपवले आणि म्हणाला, "येवढंच?" लोक हसले. मग मी तेवढेच मापून स्वतः घेतले.

आबासाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "मास्तर! व्यासपीठावर मद्य?"

"दहा मिनिटं द्या मला, आबासाहेब."

ती दहा मिनिटे मी कधी विसरणार नाही.  माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांपुढे मी पहिल्यांदाच गप्प उभा होतो. आणि मग कान तापले, गाल तापले, आणि पहिल्या रांगेतून एक बाई ओरडली, "बया! मास्तर लाल व्हायलेत!"

ईरप्पा माझ्या शेजारी होता तसाच सावळा उभा होता.

मी बोलू लागलो. श्वास पुरत नव्हता, तरी आवाज लिंबापर्यंत पोचवला. "माझ्या शब्दानं कोणी लाल झालं नाही. ते काळं खत अंगात जातं, आणि वर मद्याचा थेंब पडला की माणूस लाल होतो. हे तेरा जण त्यानं लाल झाले. मी त्यानंच लाल झालो आहे. पीरसाबनं दारू प्यायली नव्हती. माझ्या घरातलं औषध घेतलं होतं. पीरसाब, तुम्ही प्यालात असं मी चार लोकांत म्हटलं. आज चार लोकांतच सांगतो, मी चुकलो. तुम्ही खरे आणि मी खोटा."

पुढे काय बोलणार होतो ते राहून गेले.  कोणीतरी मागून खांदे धरून मला खाली बसवले आणि पंच्याने वारा घालू लागले. वर पाहिले तर पीरसाब. एवढ्या गर्दीतून तो कधी आला कळले नाही.

"बस करा आता, मास्तरसाब," तो म्हणाला. "समद्यांनी बघितलं."

मंडळींत दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर होते. ते उठून म्हणाले की परदेशात या खताच्या कारखान्यांतून असाच प्रकार दिसल्याचे त्यांनी वाचले आहे, आणि मास्तरांनी मूर्खासारखा जीव धोक्यात घातला. हमालांनी तोंडाला फडके बांधावे, काम सुटल्यावर अंग धुवावे, आणि खत हाताळतात तोवर दारू मुळीच घेऊ नये, माणूस दगावू शकतो, असेही त्यांनी बजावले.

पदक पेटीतच राहिले. मला वाटले होते की त्याचे वाईट वाटेल.

मंगळवार, ता. १९ जून

मंडळाचे पत्र आले. मी चिटणीस राहिलो नाही. कारण 'व्यासपीठावर जाहीर मद्यप्राशन' असे दिले आहे. शब्दशः खरे आहे.

संध्याकाळी सोजरबाई आली. या वेळी हात रिकामे होते.

"खरं बोलून तुमचं पुण्य झालं मास्तर. माझं काय झालं?"

मी म्हणालो, "सोजरबाई, पीरसाबवर अन्याय झाला होता."

"व्हय, झाला व्हता. त्यो तुमी केला, तुमी निस्तरला. पर खत महिनाभरात सपंल. मंग ह्यो जाईल की गुत्त्यावर. आता भ्याचं कारन ऱ्हायलं न्हाय त्येला." पदराने डोळे पुसून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "माझं गाणं गेलं."

सिद्धम्मा तिच्या मागे गेली. 

शनिवार, ता. ३० जून

मोहरमची सवारी निघाली. जमातीचे मोठे लोक सभेनंतर चौथ्या दिवशी पीरसाबच्या घरी स्वतः गेले होते. आज पंजा त्याच्याच हातात होता. ताशा वाजत होता. आमच्या दारापुढे तो थांबला. पेठेच्या रिवाजाप्रमाणे सिद्धम्माने त्याच्या पायांवर पाणी घातले. कळशी मी धरली होती.

पीरसाबने माझ्याकडे पाहिले नाही. पंजा धरणारा इकडेतिकडे पाहत नाही. पण तो ताठ उभा होता, आणि पाणी घातल्यावर एक क्षण जास्तच थांबला. अभिमानाने माझा ऊर भरून आला. माझ्या वाक्चातुर्याशी या अभिमानाचा काही संबंध नव्हता, आणि तरी, किंवा म्हणूनच, तो उतरला नाही.

गुरुवार, ता. ५ जुलै

काळे खत संपले. शेवटच्या गाड्या मोहोळकडे गेल्या. वखारीत आता पेंड आणि सरकी येते.

रविवार, ता. ८ जुलै

भीमा आला. उंबऱ्याबाहेरच बसला. 

"परवा पिलो, मास्तर."

"मग?"

"काय झालं न्हाय. त्वांड लाल न्हाय, छाती न्हाय. ग्वाड लागली." तो जमिनीकडे पाहत होता. "घरी गेलो. सोजरी काय बोलली न्हाय. भाकरी वाढली आन् भित्तीकडं त्वांड करून बसली. मारलं न्हाय म्या. पर ती वाट बघत बसली हुती, मार कवा पडतोय त्येची. म्हून आलो. आता काय हुईत न्हाय. तर थांबायचं कसं त्ये सांगा."

चाळीस व्याख्याने माझ्या कपाटात आहेत. एकातही याचे उत्तर नाही.

"मला माहीत नाही, भीमा," मी म्हणालो. "पण उद्या सहा वाजता मी धक्क्यावर येतो. आपण बरोबर घरी चालू."

"तेवढ्यानं?"

"तेवढंच मला जमण्यासारखं आहे."

सोमवार, ता. ९ जुलै

धक्क्यापासून चाळीपर्यंत चाललो. गुत्ता मधल्या वळणावर आहे. भीमा पूर्ण वाट बोलला नाही. मीही नाही. मला हे शिकावे लागते आहे.

गुरुवार, ता. १२ जुलै

आज पीरसाब बरोबर आले. विचारले नाही, सांगितले नाही, धक्क्याच्या फाटकापाशी आमच्याबरोबर चालू लागले.

मंगळवार, ता. १७ जुलै

भीमा गुत्त्यासमोर थांबला. आतून ईरप्पाने हाक मारली. मीही थांबलो, पीरसाबही. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसेच माणसे. माझ्या शाळेतले हेडमास्तर सायकलवरून गेले आणि गुत्त्यासमोर उभ्या असलेल्या माजी चिटणीसांकडे पाहत पाहत एका हातगाडीवर आदळले. आम्ही पाच-सात मिनिटे उभे होतो. भीमाला दरदरून घाम फुटला होता. मग पीरसाब म्हणाले, "भीमा, माझा गुडगा दुखायलाय. किती उबं करतोस म्हाताऱ्याला?" भीमा हसला आणि चालू लागला.

शनिवार, ता. २१ जुलै

भीमा प्याला. दुपारीच, कामावरून पळून. सहाला फाटकाशी तो नव्हता. आम्ही दोघे गुत्त्यावर गेलो, बाहेर दगडावर बसलो. तो बाहेर आला, आम्हाला पाहिले आणि खाली मान घालून बरोबर चालू लागला.  सोजरबाईच्या दारापर्यंत पोचवले.

सोमवार, ता. २३ जुलै

सहाला फाटकाशी होता. आमच्या आधी येऊन उभा होता.

शुक्रवार, ता. ३ ऑगस्ट

काल रात्रीपासून हिवताप. आज शाळेत गेलो नाही. पीरसाब बुधवारपासून नातेवाइकांकडे जेऊरला गेले आहेत. साडेपाच वाजले तसा मी उठून पगडी शोधू लागलो. सिद्धम्माने पगडी उचलून फडताळात ठेवली आणि कडी लावली. "पाय ठरत नाहीत, आणि निघाले!" मी म्हणालो, तो एकटा आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे." पण कडी काढली नाही.

सहा वाजले. सव्वासहा. मी अंथरुणात पडून धक्क्याची वाट मनातल्या मनात चालत होतो. फाटक, कापसाची वखार, कडुनिंबाचे झाड, वळण. वळणाच्या पुढे मला जाताच येईना.

साडेसहाच्या सुमारास पायरीवर कोणीतरी खाकरले.

"मास्तर हाईत का? आला न्हाईत, म्हून म्हनलं आपुनच जावं."

सिद्धम्माने दिवा पुढे केला. भीमाच्या अंगावर सरकीचा कोंडा होता. धक्क्यावरून आमच्या घरी यायचे तर गुत्ता ओलांडूनच यावे लागते, चाळ मागे टाकून आणखी अर्धा मैल. तो आत आला आणि भिंतीशी टेकून बसला. घामाने निथळत होता, पण तोंड जसेच्या तसे, काळेसावळे, दमलेले.

"एकटाच आलास?" मी विचारले.

"दुसरं कोन हुतं मंग?" तो म्हणाला. "वहिनी, पानी द्या की जरा."